एकेरी सूची की जोडसूची?

माणसाने जेथे जेथे नोंदी ठेवल्या, तेथे तेथे त्या शोधून काढण्याची सोयही त्याला करावी लागली. नोंद लिहून ठेवली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम ती हव्या त्या वेळी हाती लागण्याचे. आपल्याकडील महसुली दप्तराचेच उदाहरण घ्या. गाव नमुना सात हा गटवार असतो आणि त्याच्याच जोडीला पिकांची नोंद सांगणारा नमुना बारा असतो. या दोहोंना मिळून आपण सातबारा म्हणतो. परंतु त्याच गावासाठी नमुना आठ-अ नावाची आणखी एक नोंदवही असते, आणि ती गटवार नसून खातेदारवार असते. जमीन तीच, माहितीही बहुतांशी तीच. मग दोन वह्यांचा खटाटोप कशासाठी? कारण उघड आहे. कोणी विचारतो, "अमुक गट कोणाच्या नावावर आहे?" आणि कोणी विचारतो, "अमक्याच्या नावावर किती जमीन आहे?" प्रश्न दोन तऱ्हांचे, म्हणून मांडणीही दोन तऱ्हांची. आज आम्ही ज्या विषयाचे विवेचन करणार आहोत त्याचे बीज या एवढ्याशा गोष्टीत आहे.

आता ही दप्तरे संगणकावर आली आहेत. संगणकातील माहितीच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात, आणि त्यांतील फार मोठा वर्ग रिलेशनल डेटाबेसचा आहे. त्यात माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवलेली असते. व्यवसायातील मंडळी टेबल, कॉलम, रो आणि इंडेक्स हे शब्द वापरतात. आम्ही तक्ता, रकाना, ओळ आणि सूची असे म्हणू. या पद्धतीचा पाया एडगर कॉड या शास्त्रज्ञाने घातला. ते आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत होते, आणि त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७० च्या जून महिन्यात छापला गेला. त्यातील एक आग्रह असा होता की, विचारणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कोणत्या वाटेने शोधायचे याची चिंता यंत्राने करावी. सूची असो वा नसो, उत्तर तेच आले पाहिजे. म्हणजे सूचीने उत्तराच्या खरेखोटेपणात फरक पडत नाही, फरक पडतो तो वेळेत. पण हा वेळेचा फरक किती? एका बाजूला सेकंदाचा हजारावा भाग आणि दुसऱ्या बाजूला काही मिनिटे, इतका असू शकतो. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी उताऱ्यांची मागणी एकदम वाढते, त्या दिवसांत खिडकीपुढची रांग हलते की तुंबते हे पुष्कळदा या एका गोष्टीवर ठरते.

सूची काम कशी करते

समजा, एका राज्याच्या सातबाऱ्यांचा एक तक्ता आहे. हिशेब सोपा जावा म्हणून आम्ही आकडे मनाने धरतो: ४० हजार गावे, दर गावी सरासरी ५०० ओळी, म्हणजे एकूण २ कोटी ओळी. संगणक तबकडीवरून एकेक ओळ वाचीत नाही, पानेच्या पाने वाचतो. पोस्टग्रेस या डेटाबेसात असे एक पान सामान्यतः ८ किलोबाइटचे असते, मायएसक्यूएलच्या इनोडीबी पद्धतीत १६ किलोबाइटचे. एका पानावर ४० ओळी मावल्या असे धरले तर आपला तक्ता ५ लाख पानांचा झाला. सूची नसेल तर एका गटाच्या उताऱ्यासाठी ही पाच लाख पाने चाळावी लागतील.

सूची हे काम तीनचार पानांवर आणते. यासाठी जी रचना सर्रास वापरतात तिला बी-ट्री म्हणतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना ती सिद्ध केली, आणि त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. सूचीतील नोंदी क्रमाने लावलेल्या असतात. सर्वांत वरच्या पानावर खालच्या पानांचे पत्ते, त्या पानांवर आणखी खालच्या पानांचे पत्ते, आणि तळाच्या पानांवर प्रत्यक्ष ओळींचे पत्ते. एका पानावर ३०० पत्ते मावतात असे धरा. मग तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदी सामावतात. आपल्या दोन कोटी ओळींना तीन पायऱ्या पुरल्या. चौथे पान उघडायचे ते खुद्द ओळीचे.

येथवर मतभेदाला जागा नाही. प्रश्न पुढे येतो. सूची कोणत्या रकान्यावर करायची? आणि शोध दोन रकान्यांवर असेल, तर प्रत्येकाची वेगळी सूची करायची, की दोन्ही मिळून एक करायची? पहिलीला आम्ही एकेरी सूची म्हणतो, दुसरीला जोडसूची.

एका प्रश्नाची तीन उत्तरे

"अमुक गावातील गट क्रमांक ११२ दाखवा" हा सर्वांत नेहमीचा प्रश्न घेऊ.

फक्त गाव या रकान्यावर सूची असेल, तर संगणक त्या गावच्या ५०० ओळींचे पत्ते काढील आणि त्या ओळी उघडून त्यांत ११२ कोणता ते पाहील. एका गावच्या ओळी तक्त्यात शेजारीशेजारी असतील तर हे काम तेराएक पानांत भागते. विखुरलेल्या असतील तर पाचशे पानांपर्यंत जाते.

फक्त गट क्रमांकावर सूची असेल तर स्थिती बिकट. गट क्रमांक ११२ हा काही एका गावाची मिरास नव्हे. तो ३० हजार गावांत आहे असे समजा. मग तीस हजार पत्ते निघाले, आणि त्यांतील आपल्या कामाचा एक.

दोन्ही एकेरी सूच्या असतील तर काय होते? पुष्कळांची समजूत अशी की, मग दोन्हींचा लाभ मिळून काम जोडसूचीइतकेच जलद होत असेल. तसे होत नाही. पोस्टग्रेसमध्ये २००५ सालच्या ८.१ या आवृत्तीपासून दोन सूच्यांतील पत्ते काढून दोन्हींत असलेले तेवढेच ठेवण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी एका सूचीतील ५०० आणि दुसऱ्या सूचीतील ३० हजार पत्ते आधी वाचावे लागतात. केवळ दुसऱ्याचीच शंभर पाने होतात. म्हणून शहाणा डेटाबेस पुष्कळदा गट क्रमांकाची सूची बाजूस सारून गावच्या एकाच सूचीवर काम चालवतो, आणि मेहनतीने केलेली दुसरी सूची नुसती पडून राहते.

आता "गाव–गट" अशी जोडसूची घ्या. तिच्यात नोंदी आधी गावाच्या क्रमाने आणि एका गावाच्या आत गटाच्या क्रमाने लागलेल्या असतात. आपल्याला हवी असलेली नोंद एका जागी आहे. तीन पायऱ्या उतरल्या की ती हाती आली. गटाचे हिस्से पडले असतील तर त्या नोंदीही लगतच मिळतात. जे रकाने प्रश्नात नेहमी जोडीने येतात त्यांना सूचीतही जोडीने ठेवावे, हा पहिला नियम यातून निघतो.

क्रमाचे महत्त्व

जोडसूचीत रकान्यांचा क्रम हा केवळ लिहिण्याचा प्रकार नाही. त्यावर सारे अवलंबून आहे. शब्दकोशाचे उदाहरण पाहा. "क" ने सुरू होणारे सर्व शब्द काढा असे म्हटले तर ते एका ठिकाणी सापडतात. "कम" ने सुरू होणारेही सापडतात. पण ज्यांचे दुसरे अक्षर "म" आहे असे सर्व शब्द काढा म्हटले, तर अख्खा कोश चाळल्यावाचून गत्यंतर नाही. जोडसूचीचे तंतोतंत असेच आहे. "जिल्हा–तालुका–गाव" अशी सूची असेल तर ती जिल्ह्यासाठी चालते, जिल्हा व तालुका यांसाठी चालते आणि तिन्हींसाठी चालते. नुसत्या तालुक्यासाठी किंवा नुसत्या गावासाठी तिचा उपयोग फारसा होत नाही.

या नियमाला अलीकडे एक पळवाट निघाली आहे. पहिल्या रकान्यात निरनिराळ्या किमती थोड्या असतील, तर संगणक प्रत्येक किमतीपाशी उडी मारून आतला शोध घेऊ शकतो. ओरॅकलमध्ये ही युक्ती २००१ सालच्या नवव्या आवृत्तीपासून आहे, मायएसक्यूएलमध्ये २०१८ पासून, आणि पोस्टग्रेसमध्ये २०२५ सालच्या अठराव्या आवृत्तीत आली. महाराष्ट्रात जिल्हे ३६; तेव्हा पहिला रकाना जिल्ह्याचा असेल तर छत्तीस उड्यांत काम होते. पण पहिला रकाना गावाचा असेल आणि उड्या ४० हजार माराव्या लागत असतील, तर त्यात काय मिळवले? पळवाट अडचणीपुरती ठीक. तिच्यावर भिस्त ठेवून सूच्या आखू नयेत.

येथे एका जुन्या समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. ज्या रकान्यात किमतींचे वैविध्य जास्त तो जोडसूचीत आधी लिहावा, असा उपदेश वारंवार ऐकू येतो. आपल्याच उदाहरणावर तो तपासून पाहू. प्रश्नात गाव आणि गट दोन्ही नेमके दिलेले असतील, तर "गाव–गट" काय किंवा "गट–गाव" काय, नोंद तितक्याच पायऱ्यांत सापडते. वैविध्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या प्रश्नांमुळे. "या गावचे सर्व गट क्रमवार द्या" हा प्रश्न तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, नेहमी पडतो. "राज्यातील सर्व गट क्रमांक ११२ द्या" हा प्रश्न कोणालाच पडत नाही. म्हणून गाव आधी. जो रकाना एकटाही विचारला जातो त्याला अग्रस्थान द्यावे. क्रम ठरवताना वैविध्याच्या आकड्याहून लोकांचे प्रश्न अधिक मोलाचे.

नेमके आधी, पल्ल्याचे मागाहून

दुसरा नियम फेरफार नोंदवहीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तहसीलदारांना विचारायचे आहे: "आमच्या तालुक्यात १ ऑगस्ट २०२४ ते ३१ जुलै २०२५ या महसुली वर्षात दाखल झालेले आणि अद्याप प्रलंबित असलेले फेरफार कोणते?" येथे अटी तीन आहेत. तालुका नेमका दिलेला आहे, स्थितीही नेमकी दिलेली आहे, पण तारखेला मात्र पल्ला आहे: इथपासून तिथपर्यंत.

समजा, त्या वर्षात तालुक्यात ३० हजार फेरफार झाले आणि त्यांतील ८०० प्रलंबित आहेत. "तालुका–तारीख–स्थिती" अशी सूची केली तर संगणक तालुक्यापाशी जाईल, १ ऑगस्टपाशी थांबेल आणि तेथून ३१ जुलैपर्यंतच्या सर्व ३० हजार नोंदी चालत जाऊन त्यांतील ८०० वेचील. कारण स्थिती ही प्रत्येक तारखेच्या आत लावलेली आहे. सगळे प्रलंबित एका जागी नाहीत. उलट "तालुका–स्थिती–तारीख" अशी सूची केली तर त्या तालुक्यातील प्रलंबित नोंदी सलग आहेत आणि त्यांच्या आत त्या तारीखवार आहेत. पहिली नोंद सापडली की पुढच्या ८०० वाचल्या आणि काम संपले. रकाने तेच तीन. नुसता क्रम बदलला आणि ३० हजारांचे ८०० झाले.

याचा आणखी एक लाभ आहे. "सर्वांत जुने वीस प्रलंबित फेरफार दाखवा" असे विचारले, तर या दुसऱ्या सूचीत ते आधीच तारखेच्या क्रमाने लागलेले असल्यामुळे संगणक वीस नोंदी वाचून थांबतो. वेगळी क्रमवारी लावण्याचे श्रम वाचतात. एकेरी सूच्या कितीही केल्या तरी हे साधत नाही, कारण दोन सूच्यांतील पत्ते एकत्र करताना मूळचा क्रम मोडून जातो.

जोडसूचीत प्रश्नाला लागणारे सर्वच रकाने असतील तर मूळ तक्ता उघडण्याचीही गरज पुष्कळदा राहत नाही. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१२ पासून आहे, आणि शोधासाठी नव्हे, केवळ वाचण्यासाठी काही रकाने सूचीच्या शेवटी बाळगण्याची सोय २०१८ पासून. मात्र या मोहाने सूचीत दहा-दहा रकाने कोंबले तर सूचीच तक्त्याएवढी होऊन बसते.

एकेरी सूचीचे स्थान

एवढे ऐकून, मग एकेरी सूची निकामीच की काय, असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. तिचे क्षेत्र निराळे आहे.

जो रकाना एकटाच पुरेसा नेमका आहे, त्याला जोडीदाराची गरज नसते. फेरफाराच्या अर्जाला राज्यभरात एकच असा क्रमांक दिलेला असेल, तर त्या क्रमांकावर एकेरी सूची करावी. त्याला तालुका आणि तारीख जोडणे म्हणजे ओझे वाढवणे.

दुसरी गोष्ट अभ्यासकाच्या प्रश्नांची. त्याला पीक, सिंचनाचा प्रकार, क्षेत्र, जमीनधारणेचा प्रकार आणि तालुका या पाच रकान्यांतून आज हे दोन, उद्या ते तीन असे हवे असतात. पाच रकान्यांतून निवडीचे प्रकार ३१ होतात. प्रत्येकासाठी जोडसूची करणे अशक्य नसले तरी अव्यवहार्य आहे. येथे एकेरी सूच्या ठेवाव्यात आणि त्यांचे पत्ते एकत्र करण्याचे काम डेटाबेसवर सोपवावे. उत्तर सर्वोत्तम वेगाने मिळणार नाही, पण कोणत्याही प्रश्नाला बऱ्यापैकी वेगाने मिळेल. "हे किंवा ते" अशा स्वरूपाच्या प्रश्नांचेही असेच: गट अमुक असलेली किंवा खाते अमुक असलेली ओळ हवी असेल, तर जोडसूचीचा मागचा रकाना उपयोगी पडत नाही, दोन्ही बाजूंना आपापली सूची लागते.

मात्र ज्या रकान्यात दोनतीनच किमती आहेत, त्याची एकेरी सूची बहुधा वाया जाते. दहा ओळींपैकी आठ ओळी एकाच प्रकारच्या असतील, तर त्यांचे पत्ते सूचीत पाहून मग तक्त्यात जाण्यापेक्षा तक्ताच सलग वाचणे स्वस्त पडते. प्रलंबित फेरफारांसारखी थोडकीच मंडळी हवी असतील, तर पोस्टग्रेसमध्ये तेवढ्याच ओळींची आंशिक सूची करता येते, आणि तो मार्ग चांगला.

सूचीची किंमत

सूची फुकट मिळत नाही. तक्त्यात एक नवी ओळ आली की तिची नोंद प्रत्येक सूचीत योग्य जागी करावी लागते. आठ सूच्या असतील तर एका लेखनाची नऊ लेखने होतात. जागा लागते ती वेगळीच. ज्या दप्तरात वाचन पुष्कळ आणि लेखन थोडे, तेथे सूच्यांबाबत हात सैल सोडला तरी चालेल. जेथे क्षणोक्षणी नोंदी येतात तेथे प्रत्येक सूचीला तिच्या अस्तित्वाचे कारण विचारले पाहिजे.

या दृष्टीने सर्वांत आधी काढून टाकण्याजोगी सूची कोणती? "गाव–गट" ही जोडसूची असताना वेगळी ठेवलेली नुसत्या "गाव" ची सूची. जोडसूची ते काम करतेच. अशा दुबार सूच्या जुन्या डेटाबेसांत हटकून सापडतात, कारण सूची करणारा एक असतो, पुढची करणारा दुसरा असतो, आणि आधीची कोणी काढीत नाही.

यंत्राचा अंदाज

शेवटी एक सूक्ष्म गोष्ट. कोणती सूची वापरायची हे डेटाबेस स्वतः ठरवतो. प्रत्येक वाटेचा खर्च अजमावून स्वस्त वाट निवडण्याची ही रीत आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पात घडली, आणि पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ती निबंधरूपाने मांडली. हा अंदाज प्रत्येक रकान्याच्या आकडेवारीवर बसतो, आणि दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे सामान्यतः गृहीत धरतो. आता "तालुका महाबळेश्वर आणि पीक स्ट्रॉबेरी" अशी अट घ्या. राज्याच्या मानाने महाबळेश्वर तालुका लहान, स्ट्रॉबेरीचे क्षेत्रही लहान. दोन लहान अपूर्णांकांचा गुणाकार करून यंत्र म्हणते की जवळजवळ एकही ओळ निघणार नाही. प्रत्यक्षात स्ट्रॉबेरी तेथेच पिकते, आणि ओळी भरपूर निघतात! अंदाज चुकला की वाटही चुकते. अशा जोडीची एकत्र आकडेवारी ठेवण्याची सोय पोस्टग्रेसने २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीत दिली. सूची योग्य असूनही वापरली जात नाही असे दिसले, तर दोष येथे असू शकतो. यासाठीच "एक्सप्लेन" ही आज्ञा आहे. यंत्राने कोणती वाट निवडली आणि किती ओळींचा अंदाज केला हे ती सांगते. तिचा उपयोग न करता सूच्यांची चर्चा करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

सारांश असा. आधी आपल्या दप्तराला लोक कोणते प्रश्न विचारतात त्यांची यादी करावी, आणि कोणता प्रश्न दिवसातून किती वेळा येतो हेही तिच्यात लिहावे. जे रकाने प्रश्नात नेहमी एकत्र येतात त्यांची जोडसूची करावी. तिच्यात नेमक्या अटींचे रकाने आधी, पल्ल्याचा किंवा क्रमवारीचा रकाना मागाहून घालावा. आणि नेमक्यांतही जो एकटा विचारला जातो त्याला पुढे ठेवावे. जो रकाना स्वतःच पुरेसा आहे, किंवा जो कधी कोणाबरोबर विचारला जाईल याचा नेम नाही, त्याची एकेरी सूची करावी. दुबार असतील त्या काढाव्यात. आणि हे सारे पाचशे ओळींच्या नमुन्यावर नव्हे, खऱ्या आकाराच्या तक्त्यावर तपासावे. कारण पाचशे ओळींवर वाईट सूचीही चांगलीच धावते, आणि तिचा दोष कळतो तो गर्दीच्या दिवशी.

नमुना सात आणि नमुना आठ-अ आखणाऱ्यांनी संगणक पाहिला नव्हता. तरीही दप्तराकडे कोणता माणूस काय विचारायला येईल याचा त्यांनी आधी विचार केला, आणि मग वही आखली. सूची आखणाऱ्यानेही तोच क्रम पाळावा. तसे केले तर उताऱ्यासाठी तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याला सूची हा शब्दही ठाऊक असण्याचे कारण राहणार नाही. त्याचे काम झाले आणि त्याला दुपारची एस. टी. मिळाली, एवढे त्याला पुरे आहे.